वरच्या दाताला हात लावायचा नाही

लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा माहेरच्या भांड्यांवर नावं घालायची राहून गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "गोपाळकडे घेऊन जा. फक्त त्याच्यासमोर हसू नकोस, दात मोजत बसेल." मला वाटलं सासूबाई थट्टा करताहेत, आणि सासूबाई थट्टाही करतात याचंच मला नवल वाटलं. गेले. त्या गृहस्थाने पातेलं हातात घेण्याआधी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, डाव्या बाजूने जेवत नाही वाटतं?"

खरंच जेवत नव्हते. डावी दाढ ठणकत होती आणि नव्या घरात सांगायची चोरी. डोक्यावरून पदर घेतलेली नवी नवरी मी, आणि हा परका माणूस भर गल्लीत माझ्या दाढेची चौकशी करतो म्हणजे काय? मी फणकाऱ्याने म्हटलं, तसं काही नाही. ते पातेलं फिरवून पाहत म्हणाले, "बरं. नाव काय घालू? आणि घरी गेल्यावर लवंग ठेचून धरा तिच्यावर. खालची असेल तर पुढेमागे काढून टाका. वरची असेल तर माझ्याकडे या. वरच्या दाताला हात लावायचा नाही."

हे शेवटचं वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की आजही कुणी दात दुखतो म्हटलं की आधी तेच कानात वाजतं.

गोपाळकाका तांबट. भांड्यांच्या गल्लीत एका मोठ्या दुकानाच्या ओट्यावर त्यांची बसायची जागा होती. गुडघ्यांत भांडं धरायचं, एका हातात बोटभर छिन्नी, दुसऱ्या हातात लहानशी हातोडी, आणि टकटक करत ठिपक्याला ठिपका जोडून नाव उमटवायचं. आधी लिहून घेणं वगैरे त्यांना कमीपणाचं वाटे. लग्नसराईत 'चि. सौ. कां.' आणि एरवी 'यांच्या स्मरणार्थ', दोन्ही सारख्याच वळणदार अक्षरांत. चमच्याच्या दांड्यावर आडनावासकट पूर्ण नाव बसवायचे. पन्नाशी आली तरी चष्मा नव्हता. दिवेलागणीच्या आधी उजेड कमी झाला की बाकीचे कारागीर हत्यारं आवरायला घेत, तेव्हा हे मुद्दाम आणखी एक भांडं हातात घेत, सगळ्यांना दिसावं म्हणून. एवढा एक गर्व माणसात होता. "हे दोन डोळे आहेत म्हणून घरात चूल आहे," म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं, शेतीवाडी नव्हती, काशीकाकू आणि ते, आणि ती टकटक.

वरच्या दातांची मुळं डोळ्यांत असतात अशी त्यांची खात्री होती. बायाबापड्या म्हणतात तशी ऐकीव नव्हे. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. कधीतरी एक वैदू गल्लीत आला, त्याने वडिलांचे वरचे हलणारे दात पकडीने उपटले, आणि त्याच सालात वडिलांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू असेल, काचबिंदू असेल, देव जाणे. तेव्हा कोण बघत होतं? वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले. रोज ओट्यावर येऊन बसायचे आणि मुलाने घातलेल्या नावावरून बोट फिरवून वेलांटी चुकलेली सापडली की मुलाच्या पाठीत एक ठेवून द्यायचे. काका हे हसत सांगायचे. मग म्हणायचे, "परसाकडे पण मीच न्यायचो त्यांना हात धरून. एवढा मोठा कारागीर, टमरेल हातात घेऊन माझी वाट बघत बसायचा." हे सांगताना मात्र हसायचे नाहीत.

तर या माणसाने वरचे दात राखायचा वसाच घेतला. स्वतःचे आणि सगळ्या गल्लीचे. हत्यारांच्या शेजारी एक पत्र्याचा डबा असे, त्यात बकुळीची साल, बाभळीची साल, तुरटीची लाही, हिंग, लवंगा, बिब्बे. निदानाची रीत मात्र त्यांच्या धंद्यातली होती. भांड्याला चीर गेली आहे का हे कळायला ते टिचकी मारून कान लावत. तसंच दातावर छिन्नीची मागची बाजू आपटून बघत आणि म्हणत, "बद्द वाजतोय." तोवर समोरचा माणूस कळवळून अर्धा उठलेला असे, त्यामुळे निदान सहसा चुकत नसे.

आमच्या सासूबाईंचा पुढचा वरचा दात हलायला लागला तेव्हा त्या काकांकडेच गेल्या. बकुळीच्या सालीच्या काढ्याने चुळा, तुरटी हिरडीवर दाबायची, आणि वर काकांनी केसाएवढ्या चांदीच्या तारेने तो दात शेजारच्या दोन दातांना बांधून टाकला. सासूबाई आठ दिवस पेजेवर राहिल्या आणि माझ्यावर चिडचिड करत राहिल्या. मग एके दिवशी भाकरी मागितली. पुढे शेवटपर्यंत भाकरीच खाल्ली. त्या गेल्या तेव्हा तो दात जागेवर होता. ज्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, मी काही कृतघ्न बाई नाही.

पण रिंगणीच्या धुरीचं प्रकरण माझ्या गळी कधीच उतरलं नाही. कुणाची दाढ किडली की काका रिंगणीच्या बिया तुपात घोळून निखाऱ्यावर टाकत, वर नळी धरून धूर त्या माणसाच्या तोंडात सोडत आणि मग पाण्याच्या परातीत थुंकायला लावत. परातीत पांढरे बारीक किडे तरंगायचे. बघणाऱ्यांचे डोळे पांढरे व्हायचे. ज्या दुकानाच्या ओट्यावर काका बसत त्या दुकानाच्या मालकिणीने हा प्रयोग करून घेतला आणि किडे शेजारणींना दाखवायला परात तशीच ठेवली. आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे. त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी बिया आणल्या आणि आमच्याच चुलीपुढे, कुणाचंही तोंड मध्ये न घालता, तो धूर पाण्यावर सोडला. तेच किडे. बीच फुटून आतला पांढरा कोंब बाहेर पडत होता.

हे वाटीत ते किडे घेऊन ओट्यावर गेले. काकांनी वाटी उजेडात धरून नीट पाहिली. मग म्हणाले, "बियांतले आहेत हे. बरोबर आहे तुमचं, मास्तर."

"मग?"

"मग मालकिणीची दाढ थांबली कशी?"

"धुराने बधिर झाली असेल."

"म्हणजे थांबली ना?"

हे घरी आले, वाटी मोरीत ओतली आणि म्हणाले, या माणसाशी वाद घालायचा नाही. मला तेव्हा हसू आलं होतं.

काकांना छिन्नी दातात धरायची खोड होती. भांडं फिरवायला दोन्ही हात लागत, तेव्हा छिन्नी उजवीकडच्या वरच्या सुळ्याखाली. एक दिवस त्या सुळ्याचा टवका उडाला. काही महिन्यांत आत खड्डा पडला आणि ठणका सुरू झाला. लवंग झाली, हिंग झाला. रिंगणी त्यांनी स्वतःवर केली नाही, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. मग बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरलेल्या बिब्ब्याचं उकळतं तेल त्यांनी आरशात बघून स्वतःच्या हाताने त्या खड्ड्यात सोडलं. ओठ भाजला, हिरडी काळी पडली, दोन दिवस तोंडात पाणी घेववेना. पण तिसऱ्या दिवशी ठणका बंद. पूर्ण बंद. काकांनी गल्लीत साखर वाटली. "बघा, डोळ्यांचा कारखाना सांभाळला," म्हणाले. हळूहळू तो सुळा शिशासारखा काळपट झाला, आणि तेही ते कौतुकाने दाखवायचे, जणू आता तो पक्का झाला. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. मेलेलंही दुखत नाही. पण हे शहाणपण मला आज आहे. तेव्हा मीही साखर खाल्ली.

वर्षभराने त्या सुळ्यावरच्या हिरडीला फोड यायला लागले. फोड फुटे, पू जाई, काका चुळा भरून परत कामाला बसत. "घाण बाहेर पडतेय, चांगलं आहे." असं बरेच महिने चाललं. मग एका चैत्रात फोड आला आणि फुटेना. गाल भरून आला. अळशीचं पोटीस गरम गरम बांधून ते ओट्यावर बसायचे, आणि सूज खाली उतरायची ती वर चढत चालली. नाकाची कड सुजेत बुजली, डोळ्याखाली पिशवी आली.

काशीकाकू आमच्याकडे आल्या. ही बाई कधी कुणाच्या दारात काही मागायला उभी राहिली नव्हती. तोवर मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि गल्लीत सगळे मला बाई म्हणत. "बाई, तुमचं ऐकतील. मास्तरांचं नाही ऐकायचे. त्या नव्या डॉक्टरकडे न्या त्यांना. माझ्याने बघवत नाही."

पलीकडच्या रस्त्यावर एक दातांचा डॉक्टर नुकताच आला होता. तरुण पोरगा, पायाने चालवायचं भोकं पाडायचं यंत्र, आणि पाटी एवढी मोठी की दवाखान्यापेक्षा पाटीच जास्त. काका माझ्याबरोबर आले, हेच आश्चर्य. मला वाटतं ते घाबरले होते. सकाळी भांड्यावरचे ठिपके त्यांना एकात एक दिसायला लागले होते, असं काशीकाकूंनी मला वाटेत हळूच सांगितलं.

डॉक्टरने ओठ वर करून पाहिलं आणि लगेच हात धुतले. "हा आजच काढायला हवा, आत्ताच. पू वर चढतोय."

"वर म्हणजे कुठे?" काकांनी विचारलं.

"डोळ्याकडे."

काका खुर्चीत सरळ बसले. माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "ऐकलंत ना, बाई? मुळं कुठे असतात ते डॉक्टरच सांगताहेत."

"तसं नाही हो काका. मुळं तिथवर नसतात, पू जातो—"

"दात काढल्यावर डोळ्याला काही होणार नाही ना? आईची शपथ घेऊन सांगा. मी आता तोंड उघडतो."

डॉक्टर घुटमळला. मी त्याच्याकडे बघत होते, मनात म्हणत होते, घे रे बाबा, घे शपथ. तो म्हणाला, "काका, एवढी सूज आल्यावर मी कशाचीच शपथ घेऊ शकत नाही. डोळ्याला आधीच काही झालं असेल तर मला सांगता येणार नाही. पण नाही काढला तर धोका नक्की आहे."

काका उठले. त्यांनी डॉक्टरला हात जोडले. "खरं बोललात. उपकार झाले." आणि पायऱ्या उतरून चालायला लागले. काशीकाकू मागोमाग, मी मागोमाग. मी रस्त्यात त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी एकदाच मागे वळून म्हटलं, "वडिलांच्या वेळी वैदूने शपथ घेतली होती, बाई." त्या तरुण डॉक्टरवर मी अजूनही कधीकधी चिडते, खोटं बोलला नाही म्हणून. काय वेडेपणा हा.

घरी जाऊन त्यांनी रुईचा चीक लावला. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, पापणी मिटली ती उघडेना आणि डोळा आतून कुणी ढकलावा तसा पुढे यायला लागला. माणूस बरळायला लागला तेव्हा काशीकाकूंनी त्यांना विचारलं नाही. दुकानाच्या मालकाने मोटार दिली, आमचे हे बरोबर गेले आणि त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टरांनी काकूंना विचारलं, दात काढू का? काकू म्हणाल्या, काढा. त्याच दिवशी सुळा काढला, पू वाहून जाऊ दिला, पेनिसिलीन दिलं. जीव वाचला. डोळा आधीच गेला होता. डॉक्टरांनी आमच्या यांना स्पष्ट सांगितलं, आणलात तेव्हाच तो डोळा मेला होता, पापणी सुजून बंद होती म्हणून तुम्हाला आणि त्यांना कळलं नाही. पुढे आणखी काही होऊ नये म्हणून तो काढावाच लागला.

काका परत आले ते काळा चष्मा लावून. गालाचं मांस उतरलं होतं, माणूस अर्धा झाला होता. आमच्या यांनी ठरवलेला नियम मोडला आणि समजावायला गेले. दात ठेवला म्हणून डोळा गेला, वेळेवर काढला असता तर दोन्ही डोळे राहिले असते, असं अगदी सावकाश, वर्गात सांगावं तसं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, मी गेलो तेव्हा डोळा होता. दुखत होता, पण होता. दात काढला. शुद्धीवर आलो तेव्हा डोळा नव्हता. आधी काय झालं आणि मग काय झालं, एवढंच सांगा."

हे उठून आले.

काशीकाकूंशी मात्र ते बोलेनासे झाले. मारझोड नाही, शिवी नाही, नुसतं बोलणं बंद. मी एकदा विचारलं तर काकू म्हणाल्या, "मी काढा म्हटलं ना. मी वाढते, ते जेवतात. त्यांचं ताट मी उरल्या डोळ्याला दिसेल असं ठेवते, डावीकडे." त्या रडल्या नाहीत. मीच रडले, आणि वर मलाच त्यांनी पाणी दिलं.

काकांनी पुन्हा छिन्नी धरली. एका डोळ्याने अंतर कळत नाही. हातोडी छिन्नीच्या डोक्यावर न पडता अंगठ्यावर पडायची. ते त्यांनी सोसलं. पण एका लग्नाच्या घागरीवर नवरीचं नाव घालताना छिन्नी सटकली आणि नावावरून आरपार ओरखडा गेला. नवरीची आई समोरच उभी होती. तिने घागरीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि घागर तिथेच टाकून निघून गेली. नाव खोडलेली घागर रुखवतात कोण मांडील? ती गोष्ट दोन दिवसांत सगळ्या बाजारात झाली. लग्नाची भांडी येईनाशी झाली, मग स्मरणार्थची पण. ओट्यावरच्या जागेवर मालकाने दुसरा माणूस बसवला. तो नावं आधी खडूने लिहून घ्यायचा. काशीकाकू लोकांच्या घरी मसाले कांडायला जायला लागल्या.

त्याच सुमाराला आमच्या यांना ठाण्याच्या शाळेत जागा मिळाली आणि आम्ही कल्याण सोडलं. दोन-तीन वर्षांनी एका मुंजीसाठी मी कल्याणला गेले होते. परतताना त्या दातांच्या डॉक्टरच्या रस्त्याने स्टेशनकडे निघाले, तर दवाखान्याच्या खालच्या पायरीवर काका बसलेले. शर्ट स्वच्छ, पाठ ताठ. मला वाटलं, चला, अखेर आले बाबा डॉक्टरकडे. जवळ गेले आणि पाय थांबले.

आंबिवलीकडून आलेली असावी अशी एक बाई पायरीपाशी उभी होती. कासोटा, हातात पिशवी, आणि कडेला सात-आठ वर्षांची पोर. पोरीच्या डोक्याभोवती फडकं बांधलेलं, आणि गालाची सूज वर चढून डोळ्याखाली आलेली. काका बसल्या जागेवरून तिच्याशी बोलत होते, अगदी मायेने, एखाद्या लेकीशी बोलावं तसं. "वरचा आहे ना गं? मग नको नेऊस. मी पण असाच गेलो होतो." आणि त्यांनी चष्मा काढला.

ती खोबण मी पहिल्यांदाच पाहिली. मी चित्रातसुद्धा असं काही बघू शकत नाही, पण त्या दिवशी बघितलं. पोर आईच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. आत डॉक्टर रिकाम्या खुर्चीशेजारी पेपर वाचत बसला होता. त्याला हे सगळं दिसत होतं. त्याने पेपर खाली केला नाही. किती जणांना असं परत जाताना त्याने पाहिलं असेल कुणास ठाऊक.

एक सांगते, काकांच्या मनात त्या डॉक्टरविषयी डूख नव्हता. सूड वगैरे काही नव्हतं. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते त्या पोरीचा डोळा वाचवत होते.

मी त्या बाईचा दंड धरला. "अगं, आत जा. पोरीला दाखव, आत्ताच्या आत्ता. त्यांचं नको ऐकूस."

काका माझ्याकडे वळले. ओळखलं की नाही, मला कळलं नाही. चष्मा तसाच हातात. त्या बाईने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातून दंड सोडवून घेतला.

"तुमचे दोनी डोले शाबूत हायत, बाय," ती म्हणाली. "तुमाला बोलाला काय जातंय?"

काकांनी खिशातून सालीची एक पुडी काढून पोरीच्या हातात दिली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उकळून चुळा कशा भरायच्या ते आईला दोनदा समजावून सांगितलं. मायलेकी स्टेशनकडे निघाल्या. पोरीने पुडी सुजलेल्या गालाशी धरली होती, आणि आईचा हात धरून ती निमूटपणे चालत होती.